नुसता नंबर वाढलाय

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. चष्मा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सोनेरी काड्यांचा एखादा नाजूक चष्मा येत असेल. मी तसा नाही. माझ्या काचा मधोमध पातळ आणि कडेला चांगल्या बोटभर जाड आहेत. चौकट तपकिरी आहे. उजवी काडी मोडल्यामुळे तिला दोरा गुंडाळला आहे. ज्यांना चार हातांपलीकडचे काहीच ओळखू येत नाही, अशा माणसांसाठी माझ्यासारखे चष्मे घडवतात.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा दुकानात झाला. सोलापूर तेव्हा इंग्रजांच्या मुलखात होते. तिथून थोडे पुढे गेले की निजामाची सरहद्द लागायची. मी ज्यांच्या घरी जाणार होतो ती माणसे सरहद्दीपलीकडची, मुरुमची. विरुपाक्ष हे तिथल्या बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी आणि नीलम्मा ही त्यांची बायको. नीलम्माचे माहेर तामलवाडीचे, तेही निजामाच्याच हद्दीत. लहानपणापासून तिला लांबचे दिसत नव्हते. सगळ्यांना असेच दिसते, अशी तिची समजूत होती. लग्नानंतर अंगणाच्या पलीकडून सासूबाईंनी हात केला तर ही तशीच उभी राहायची, आणि सासूबाई शांताक्का म्हणायच्या, "लई ताठा आहे पोरीला." ताठा नव्हता हो. तिला हातच दिसत नव्हता.

हे विरुपाक्षांच्या लक्षात आले, एवढे श्रेय मी त्यांना देतो. बाईमाणसाला चष्मा लावायचा नसतो, असे म्हणणारे मुरुममध्ये घरोघरी होते. तरी ते नीलम्माला सर्विस मोटारीने सोलापूरला घेऊन आले. कडेवर त्यांची लहानगी लेक तारामती होती. चष्मेवाल्याने मला नीलम्माच्या नाकावर बसवले आणि दाराबाहेर बघायला सांगितले. ती बराच वेळ वर बघत राहिली.

"तारेवर पाखरं बसत्यात व्हय?" तिने विचारले.

विरुपाक्ष मोठ्याने हसले. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता, असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन. त्यानंतरचे फारसे सांगण्यासारखे गोड नाही.

मुरुमला गेल्यावर काही दिवस बायका मला बघायला यायच्या. काचेआड नीलम्माचे डोळे बारीक दिसत, त्यावर हसायच्या. नीलम्मा मनावर घ्यायची नाही. ती खणाच्या चोळ्या शिवायची. शिवताना मला कपाळावर सरकवायची आणि कापड नाकाशी धरायची, कारण मोठ्या उणे नंबराच्या माणसाला जवळचे बिनचष्म्याचेच चांगले दिसते. तिची टीप इतकी सरळ येई की उमरग्याहूनही बायका चोळ्या शिवायला धाडत. शांताक्कांचा रागही निवळला. घरात मला ठेवायला दिवळीत जागा ठरली होती, आणि तिथे दुसरी वस्तू ठेवलेली सासूबाईंनाही खपत नसे.

अशी काही वर्षे गेली. मग नीलम्मा धडकायला लागली.

आधी कोपर दाराच्या चौकटीला लागायचे. मग पाण्याची कळशी लवंडली, मग उतरंडीचे मडके फुटले. उजव्या बाजूने कुणी आले की ती दचकायची. तुम्हाला वाटेल, तिला कडेला अंधार दिसत असेल. तसे नसते, मित्रांनो. अंधार दिसला असता तर ती घाबरली असती, ओरडली असती. तिला तिथे काहीच नव्हते, आणि काही नाही हेसुद्धा कळत नव्हते. आपणच धांदरट झालो, असे तिने ठरवून टाकले आणि ती अंग चोरून चालू लागली.

शेवटी तिने नवऱ्याला सांगितले. विरुपाक्ष तिला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर हैदराबादेत शिकलेले होते आणि तापखोकल्याला त्यांचे औषध चांगले लागू पडायचे, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी मला हातात घेतले, उजेडात धरून गरगर फिरवले.

"बापरे, काय ह्या काचा! दुसरं काही न्हाय, नुसता नंबर वाढलाय."

सोलापूरला माझ्या काचा काढून आणखी जाड काचा बसवल्या. पाटीवरची सगळ्यांत बारीक अक्षरे नीलम्माने घडाघड वाचली. चष्मेवाला खूश झाला, विरुपाक्ष खूश झाले. बाजूचे दिसते का, हे कुणी विचारले नाही. नीलम्माला ते सांगायचे असते हे माहीत नव्हते.

त्यानंतर जे झाले ते मला आजही आठवू नये असे वाटते. सकाळची वेळ होती. नीलम्माने चुलीवरून आमटीचे उकळते पातेले उतरवले आणि ती उजवीकडे वळली. उजवीकडे तारामती शेंगा फोडत बसली होती. पातेले पोरीच्या डोक्याला लागून कलंडले आणि तिचा दंड भाजला. पोर किंचाळली तेव्हा नीलम्माला कळले की तिथे पोर आहे.

"मला दिसली न्हाय," नीलम्मा रडत सांगत होती. "शप्पथ सांगते, मला दिसलीच न्हाय."

शांताक्कांनी नातीच्या दंडाला तूप लावले आणि शिवणाची पेटी आणली. त्यातली सगळ्यांत बारीक सुई आणि काळा दोरा सुनेच्या हातात दिला.

"ओव."

नीलम्माने डोळे पुसले. तिने मला कपाळावर सरकवले, सुई डोळ्याशी नेली आणि एका झटक्यात दोरा ओवला.

"बघ रे विरू," शांताक्का म्हणाल्या. "सुईचं नेढं दिसतंय हिला, आणि पोटची पोर दिसत न्हाय."

विरुपाक्षांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तारेवरच्या पाखरांना हसणारा माणूस तो नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी नीलम्माच्या डोळ्यांबद्दल विचारणे सोडले. तिला चुलीपाशी जायची बंदी झाली. तारामती आजीजवळ झोपू लागली. नीलम्मालाही स्वतःचा भरवसा उरला नाही. कधी कधी ती एकटीच बसून सुईत दोरा ओवायची, काढायची, पुन्हा ओवायची. दिसते तर आहे, मग मी अशी का, हे तिला उलगडत नव्हते.

पंचमीला भाऊ तिला न्यायला आला. रेवणसिद्ध तिचा थोरला भाऊ, तामलवाडीत शेती करायचा. तो ओसरीवर खांबाला टेकून उभा होता आणि नीलम्मा त्याच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेली.

"नीला, रुसलीस व्हय माझ्यावर?"

ती दचकून वळली, आणि मग संपूर्ण मान फिरवून फिरवून त्याला शोधू लागली. रेवणसिद्धाचे हसू तिथेच थांबले.

"अप्पा शेवटी शेवटी असंच बघायचे," तो हळूच म्हणाला. "अशीच मान फिरवायचे."

त्यांचे वडील महालिंगप्पा आंधळे होऊन वारले होते. म्हातारपणाने नजर गेली, असे सगळे समजत. महालिंगप्पा तेव्हा फारसे म्हातारे नव्हते, हे आता रेवणसिद्धाच्या ध्यानात आले.

तामलवाडीहून सोलापूर जवळ. रेवणसिद्धाने बहिणीला चष्मेवाल्याकडे नेलेच नाही. तो तिला डोळ्यांच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी आधी मला काढून ठेवले, थेंब टाकून डोळ्यांच्या आत पाहिले, बुबुळावर एक छोटे यंत्र ठेवून दाब मोजला. मग भिंतीवरच्या काळ्या कापडासमोर नीलम्माला बसवले. एक डोळा झाकला. मधल्या खुणेवरून नजर हलवायची नाही, असे बजावले आणि काठीच्या टोकावरचा पांढरा ठिपका ते कडेकडून आत आणू लागले.

"दिसला की सांगायचं, बाई."

ठिपका आत आला, आणखी आत आला. नीलम्मा गप्प. रेवणसिद्ध मागे उभा राहून तो ठिपका बघत होता. त्याला तो केव्हाचा दिसत होता. त्याला वाटले, ही बोलत का नाही? आणि मग त्याला समजले. त्याने तोंडावर हात धरला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे कागदावर काढले. पण लगेच निकाल सांगितला नाही.

"हे अवघड काम आहे," ते म्हणाले. "इतक्या मोठ्या नंबराचा डोळा फुग्यासारखा लांबट ताणलेला असतो. त्यातली नस तशीही तिरकी आणि फिकट दिसते. पडदा पातळ होऊन मध्ये मध्ये दिसेनासं होतं, ते नुसत्या नंबरानंही होतं. आणि काचबिंदू असला, तरी पहिल्या नजरेला असंच दिसतं. ह्या ताणलेल्या डोळ्यात माझं यंत्रही दाब कमीच दाखवतं. त्यावर मी भरवसा ठेवत न्हाय."

"मग कळणार कसं?" रेवणसिद्धाने विचारले.

"थांबून. नंबराचं नुकसान बहुतेक जागच्या जागी राहतं. काचबिंदू पुढं सरकतो. दिवाळीनंतर पुन्हा घेऊन या."

दिवाळीनंतर पुन्हा काळे कापड झाले, पुन्हा नकाशे झाले. डॉक्टरांनी जुने आणि नवे कागद शेजारी शेजारी ठेवले. उजव्या डोळ्याला जेवढे दिसते त्याचे नकाशावरचे बेट बरेच आक्रसले होते. डाव्याच्या बेटाचाही वरून कमानीसारखा एक तुकडा गेला होता.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "नंबर आहेच, पण त्याच्या आड हा लपून बसला होता. डोळ्यातलं पाणी नीट वाहून जात न्हाय, नसेवर दाब येतो, ती वाळत जाते. दुखत न्हाय म्हणून कुणाला पत्ता लागत न्हाय. मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून अक्षरं वाचता येतात, सुई ओवता येते."

सुई म्हटल्यावर नीलम्मा रडायला लागली. डॉक्टर गोंधळले. त्यांना काय माहीत?

"गेलेलं परत येणार न्हाय, बाई. उरलेलं राखायचं. हे थेंब रोज घालायचे, एक दिवस चुकवायचे न्हाईत. आणि हा आजार रक्तात असतो. भावानं डोळे दाखवून घ्यावेत, लेकरालाही दाखवावं."

रेवणसिद्धाचे डोळे तिथेच तपासले. ते निर्मळ निघाले. नीलम्मा बाटली पदरात बांधून मुरुमला परत आली. मित्रांनो, तेव्हा ती आनंदात होती. आपण धांदरट नाही, खोटारडी नाही, आपल्याला आजार आहे, याचाच तिला आनंद झाला होता.

त्या थेंबांनी बाहुली बारीक व्हायची, नजर अंधुक वाटायची, भुवया ठणकायच्या. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते. पण शांताक्का म्हणू लागल्या, "औषधानंच डोळे चाललेत." विरुपाक्ष बाटली घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेले. नीलम्माही सोबत होती, म्हणून मीही होतो.

"काचबिंदू?" डॉक्टर हसले. "अहो, काचबिंदूत डोळा लाल होतो, डोकं फुटतं, उलट्या होतात. हिचा डोळा बघा, कसा स्वच्छ आहे! आणि असल्या मोठ्या नंबरात हे थेंब घातले तर पडदा फाटायचा. मी सांगतो तुम्हाला, नुसता नंबर वाढलाय."

त्यांचे सगळेच चूक नव्हते. अशा डोळ्यांत त्या थेंबांनी क्वचित पडद्याला धोका होतो, म्हणूनच सोलापूरचे डॉक्टर दर वेळी बाहुली मोठी करणारे दुसरे थेंब टाकून पडदा पाहत. पण गावातल्या डॉक्टरांनी काही पाहिलेच नाही. त्यांनी फक्त मला पाहिले. माझ्या जाडीवरून त्यांनी सगळे ठरवले.

विरुपाक्षांना दोन डॉक्टरांपैकी एक निवडायचा होता. त्यांनी कुणाला निवडले आणि का, ते घरी आल्यावर कळले.

"रक्तातला आजार म्हणं!" ते शांताक्कांना सांगत होते. "हे बाहेर फुटलं तर आपल्या तारामतीला कोण करून घेईल? नंबर काय, हजार लोकांना असतो."

"अहो, पण नंबर न्हाय ना तो," नीलम्मा म्हणाली.

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं व्हय?"

त्यांनी बाटली मोरीत उपडी केली. नीलम्मा पुढे धावली. मोरी नेमकी तिला न दिसणाऱ्या बाजूला होती. ती रांजणावर आपटली, माझी उजवी काडी तेव्हाच मोडली.

"उरलेलं तरी राहू द्या हो," ती म्हणत होती. "उरलेलं तरी राहू द्या."

पुढे दोन वर्षे कुणी थेंब घातले नाहीत. रेवणसिद्ध दोनदा बाटली घेऊन आला, दोनदा ती गायब झाली. मी मात्र रोज दिवळीतून निघायचो, पुसला जायचो, नाकावर बसायचो. काचा आणखी एकदा बदलून झाल्या. माझ्यावर खर्च करायला कुणाची ना नव्हती! उजवा डोळा विझला. डाव्यात नळीतून दिसावे तेवढे उरले. तेव्हा शांताक्कांनीच म्हटले, "आता हिला माहेरी धाडा. इथं कुणी सांभाळायचं?" तारामतीचीही नजर लांबचे ओळखेनाशी झाली होती. ती पुस्तक नाकाशी धरायची. हेही लोकांना दिसू नये, म्हणून विरुपाक्षांनी लेकीलाही आईबरोबर धाडले.

तामलवाडीत रेवणसिद्धाने वेळच्या वेळी थेंब घातले. डाव्या डोळ्यातली ती नळी वर्षभर तेवढीच राहिली. हे मला मुद्दाम सांगायचे आहे. औषध मिळाले तेव्हा नजर थांबली होती. ती थांबवता येत होती.

मग सरहद्द पेटली. रझाकारांच्या दहशतीने वाटा ओस पडल्या, सोलापूरची मोटार बंद झाली. एकदा रेवणसिद्ध आडवाटेने निघाला आणि मार खाऊन परत आला. बाटलीत पाणी घालून पुरवायचे का, असे नीलम्माने विचारले होते. पुढे बाटलीही कोरडी पडली. भर उन्हाळ्यात एका दुपारी ती अंगणात बसली होती आणि तिने विचारले, "ढग आले व्हय रे अण्णा?" आभाळ निरभ्र होते. रेवणसिद्ध म्हणाला, "व्हय, आलेत थोडे." आणि तो गोठ्यात जाऊन रडला.

लोक म्हणतात, नीलम्माचे डोळे त्या धामधुमीत गेले. तसे नाही. सरहद्द तर शेवटी आली. त्याआधीची दोन वर्षे घरातल्यांनी घेतली.

नीलम्माने मला फेकले नाही, पण नाकावरही घेतले नाही. फौजा आल्या, निजामाचे राज्य गेले, वाट मोकळी झाली. गावात सगळीकडे आनंद चालला होता. रेवणसिद्धाच्या बायकोने सहज मला उचलून तारामतीच्या नाकावर ठेवले.

"बघ, तुला होतोय का आईचा चष्मा."

"काढ," नीलम्मा इतक्या जोरात ओरडली की भावजयीने मला लगेच उतरवले. "आधी डॉक्टर. आधी तिचं काळं कापड होऊ दे."

गर्दीने भरलेल्या पहिल्याच मोटारीने ती लेकीला घेऊन सोलापूरला गेली. ते वृद्ध डॉक्टर अजून होते. त्यांनी तारामतीचे डोळे आतून पाहिले, दाब मोजला, ठिपका फिरवला. पोरगी प्रत्येक वेळी चटकन "दिसला" म्हणायची. नीलम्मा प्रत्येक "दिसला"ला मान हलवायची.

"हिला फक्त नंबर आहे," डॉक्टर म्हणाले. "आज तरी काचबिंदू न्हाय."

"अजून एकदा बघा," नीलम्मा म्हणाली.

त्यांनी अजून एकदा पाहिले. तेच निघाले. मायलेकींचा नंबर सारखा, काचा सारख्या जाड. पण एकीला आजार होता आणि एकीला नव्हता. मला नाकावर ठेवून हे कुणालाच ओळखता आले नसते. डॉक्टरांनी दर वर्षी यायला सांगितले. तारामतीला नवा चष्मा मिळाला.

पुढच्या वर्षी विरुपाक्षांनी लेकीचे स्थळ ठरवले. पाहुणे बघायला तामलवाडीलाच आले, कारण मुरुममध्ये शेजारीपाजारी फार बोलतात. विरुपाक्षांनी लेकीला चष्मा काढून बसायला सांगितले होते. ती चष्मा घालूनच बसली. पाहुण्यांतल्या एका वयस्कर बाईने आतल्या खोलीकडे बघून विचारले, "आईचे डोळे कशानं गेले?"

"नंबर होता हो मोठा," विरुपाक्ष घाईने म्हणाले. "नंबर वाढत वाढत गेला, आणि—"

"अव्वाला काचबिंदू झाला," तारामती म्हणाली. "वेळेवर औषध घालू दिलं न्हाय, म्हणून डोळे गेले. मला अजून काही न्हाय. पण दर वर्षी सोलापूरला जाऊन तपासावं लागंल. ते कबूल असंल तर पुढचं बोला."

पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि ते उठले. विरुपाक्ष त्यांच्या मागोमाग गेले, ते पुन्हा लेकीशी बोलले नाहीत. मुरुममध्ये ते आजही सांगतात, बायकोचे डोळे नंबराने खाल्ले. ते ऐकून तिथली माणसे लेकरांना चष्मा लावायला भितात. आणि ज्यांना माझ्यासारखा जाड चष्मा आहे ती धडकली, अडखळली, तर त्याचा दोषही चष्म्यालाच देऊन मोकळी होतात.

आतल्या खोलीत मी नीलम्माच्या मांडीवर होतो. पाहुण्यांच्या वहाणांचा आवाज दूर गेला, तेव्हा तिची बोटे माझ्या चौकटीवर घट्ट झाली. त्या दिवशी ती जेवली नाही. पण लेकीला "का बोललीस?" असे तिने एका शब्दानेही विचारले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मी फुटलो तर दुकानात दुसरा मिळेल. तुमच्या घरात कुणाचा नंबर मोठा असेल, तर माझ्या काचा मोजून घरी परतू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, आतली नस बघा, दाब बघा, कडेचे दिसते का ते बघा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघा. आणि घरातले कुणी "मला दिसलं नाही" असे म्हणाले, तर त्याची परीक्षा घेऊ नका. त्याच्यावर विश्वास ठेवा.